फादर, पाद्री, पाळक, पास्टर : पदवीमागचा माणूस कोणाला जबाबदार?

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा.)

मंडळी, आपल्या मराठी बातम्यांमध्ये एक सोपा नियम चालतो. अंगात पांढरा झगा, गळ्यात क्रूस, हातात बायबल असं काही दिसलं की तो माणूस 'फादर'. बातमी चांगली असेल तर 'फादर', वाईट असेल तर तोच माणूस 'पाद्री'. शाळेच्या गॅदरिंगमध्ये फादर, पोलीस ठाण्याच्या बातमीत पाद्री. तो नक्की कोण, कुठल्या चर्चचा, कोणी नेमलेला, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, नाव, वय, गाव आणि हुद्दा या चार गोष्टी चुकवायच्या नाहीत. तहसीलदाराला नायब तहसीलदार लिहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन येतो. सरपंचाला उपसरपंच लिहिलं तर माणसं घरी येतात. पण ख्रिस्ती धर्मगुरूचा हुद्दा चुकला तर फोन येत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं चुकतोच आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात? शब्द एवढासा नाही. त्याच्यावर एका बाईचा संसार अडकलेला मी बघतोय. तिच्याकडे येतो. आधी शब्दांची कुळकथा सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पाद्री आला गोव्याच्या वाटेनं

'पाद्री' हा शब्द इंग्रजांनी आणला असं पुष्कळांना वाटतं. तो आणला पोर्तुगीजांनी. पोर्तुगीज भाषेत 'पाद्रे' म्हणजे बाप. लॅटिनमधला 'पातेर' हा त्याचा आजा. आपल्या संस्कृतातला 'पितृ' आणि इंग्रजीतला 'फादर' ही त्याच घराण्यातली भावंडं. पगार, चावी, बटाटा, पाव, मेस्त्री हे शब्द ज्या वाटेनं मराठीत आले, त्याच वाटेनं पाद्रीही आला. म्हणजे शब्द म्हणून तो आपल्या ताटातल्या बटाट्याइतकाच मराठी झालाय. त्यात मुळात काही शिवी नाही, कुचेष्टा नाही. ती आपण नंतर भरली.

गोव्यात १५७९ साली एक इंग्रज जेझुइट आला, थॉमस स्टीफन्स. त्यानं मराठी शिकून १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. साष्टीतल्या रायतूरला ते रोमन लिपीत छापलं गेलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपण त्याला 'फादर स्टीफन्स' म्हणून ओळखतो. म्हणजे फादर आणि पाद्री हे अर्थानं एकच, दोघांचा अर्थ बाप. एक इंग्रजी कपड्यातला, एक पोर्तुगीज. तरी आपण एकाला मान देतो आणि दुसऱ्याला संशय. शब्दांचंही नशीब असतं.

पण बाप म्हणायचंच कशाला?

हा प्रश्न ख्रिस्ती लोकांना नवा नाही, त्यांच्यात तो शेकडो वर्षं चाललाय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुम्ही सगळे भाऊ आहात. इतकं स्पष्ट सांगितलेलं असताना 'फादर' आला कुठून?

तो आला वाळवंटातून. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात काही लोक घरदार सोडून राहायला गेले. त्यांच्याकडे तरुण माणसं उपदेशाला जायची आणि त्या म्हाताऱ्यांना 'अब्बा' म्हणायची. अब्बा हा अरामी भाषेतला शब्द, म्हणजे बाबा. बाई असेल तर 'अम्मा'. आपल्याकडच्या 'आबा'शी त्याचं नातं नाही, नुसता कानाला सारखा लागतो. पण भावना तीच. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याला आपण आबा म्हणतो, त्याचं आपल्याशी रक्ताचं नातं असायची गरज नसते. मठाच्या प्रमुखाला इंग्रजीत 'ॲबट' म्हणतात तो याच अब्बापासून.

'पोप'ची गोष्ट तर आणखी घरगुती आहे. ग्रीक भाषेत लहान मूल बापाला 'पाप्पास' म्हणायचं. आपली पोरं 'पप्पा' म्हणतात तसंच. सुरुवातीला कितीतरी बिशपांना लोक असंच म्हणायचे. पुढे पश्चिमेत तो शब्द फक्त रोमच्या बिशपासाठी राहिला, आणि अकराव्या शतकात सातव्या ग्रेगरीच्या काळात तर तसं ठासून सांगितलं गेलं. इजिप्तमधल्या कॉप्टिक चर्चचा प्रमुख मात्र आजही पोपच म्हणवतो. म्हणजे जगात एकच पोप आहे ही आपली समजूतसुद्धा अर्धीच खरी.

आणि साधा फादर? इंग्रजी बोलणाऱ्या कॅथलिक लोकांत एकोणिसाव्या शतकापर्यंत गावच्या धर्मगुरूला 'मिस्टर' म्हणायची पद्धत होती. फादर हा मान मुख्यतः संघांत, मठांत राहणाऱ्यांना. सरसकट सगळ्यांना फादर म्हणणं नंतर रूढ झालं. इटलीत आजही गावच्या धर्मगुरूला 'डॉन' म्हणतात, आणि केरळात सिरियन ख्रिस्ती 'अच्चन' म्हणतात, म्हणजे परत बापच.

प्रॉटेस्टंट मंडळी मत्तयाचा तो अध्याय दाखवून म्हणतात, आम्ही कोणाला फादर म्हणणार नाही. कॅथलिक उत्तर देतात की पौलानं करिंथच्या लोकांना पत्रात लिहिताना स्वतःला त्यांचा बापच म्हटलंय, येशूचा रोख शब्दावर नव्हता, मोठेपणा मिरवण्यावर होता. या भांडणात मी पडत नाही. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे, ती आपण लक्षात ठेवू. पदवी मिरवण्यासाठी असेल तर ती चूक आहे.

वडील, सेवक, पाळक : मराठीनं केलेली कमाल

आता दुसरं घराणं. इंग्रजी 'प्रीस्ट' हा शब्द ग्रीक 'प्रेस्बिटेरोस'पासून आला. त्याचा अर्थ वयानं, मानानं थोर माणूस. मराठी बायबलात त्याला शब्द आहे 'वडील'. बघा गंमत. मराठीत वडील म्हणजे बाप आणि वडील म्हणजे थोरला, दोन्ही. जे दोन अर्थ ग्रीकमध्ये दोन वेगळ्या शब्दांत आहेत, ते आपल्या भाषेनं एका शब्दात मिटवून टाकले.

'बिशप' हा ग्रीक 'एपिस्कोपोस'. म्हणजे वरून लक्ष ठेवणारा, देखरेख करणारा. आपल्या भाषेत मुकादम म्हणा, पर्यवेक्षक म्हणा. 'डीकन' म्हणजे सेवक, वाढपी. 'व्हिकार' म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम बघणारा, आपल्या 'नायब'सारखा. 'कार्डिनल' हा शब्द लॅटिन 'कार्डो'पासून, त्याचा अर्थ बिजागरी. दार ज्याच्यावर फिरतं ती. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस १९५३ साली कार्डिनल झाले, तो मान मिळालेले ते पहिले भारतीय.

आणि 'पास्टर' म्हणजे चक्क मेंढपाळ. लॅटिनमध्ये मेंढरं चारणाऱ्याला हाच शब्द. मराठी ख्रिस्ती लोकांनी त्याचं 'पाळक' केलं. आमच्या नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं, त्यामुळे जुन्या प्रॉटेस्टंट कुटुंबांत आजही 'पाळकसाहेब' हाच शब्द तोंडात आहे. चर्चला ते 'मंडळी' म्हणतात. पाळक, मंडळी, उपासना, सुवार्ता, किती सुंदर मराठी शब्द आहेत बघा. ते सोडून नव्या पिढीनं 'पास्टर', 'चर्च', 'वर्शिप' सुरू केलंय. ते दुःख वेगळं.

ज्या जिल्ह्यात धनगराचा वाडा माळावर उतरतो, तिथं पाळक शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मेंढरं हाकणारा मागं असतो, रात्री जागतो, लांडगा आला तर आधी उठतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेंढरं बहुतेक वेळा त्याच्या एकट्याची नसतात. त्यात भावाची असतात, पाहुण्याची असतात. एक कमी भरलं तर हिशेब द्यावा लागतो.

राहिला 'रेव्हरंड'. हा हुद्दाच नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'आदर करावा असा'. म्हणजे आपलं 'माननीय'. जसं 'माननीय' म्हणून कुठली नोकरी नसते, तसं 'रेव्हरंड' म्हणून कुठलं पद नसतं. पाळक हे काम, रेव्हरंड हा त्याच्यापुढचा मान. 'ह.भ.प.'सारखं समजा. कीर्तन करणं हे काम, ह.भ.प. हा मान.

आपल्याला माहीत असलेले सगळ्यात मोठे रेव्हरंड म्हणजे नारायण वामन टिळक. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पुढे त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि मराठी माणसानं त्यांना 'रेव्हरंड टिळक' म्हणून कायमचं आपलंसं केलं. पण त्याच टिळकांनी १९१७ च्या सुमारास मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं ठरवलं. 'देवाचा दरबार' काढला. ज्याला पदवी मिळाली होती त्यालाच तिची चौकट अपुरी वाटली, आणि त्यानं आपल्या मातीतलं नाव शोधलं. १९१९ साली ते गेले. लोकांनी रेव्हरंडही ठेवलं आणि अभंगही ठेवले.

खरा प्रश्न : पदवी दिली कोणी?

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी. या सगळ्या पदव्यांमागे एक यंत्रणा असते, आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. बातमीदारानं आणि वाचकानं ती ओळखायला शिकलं पाहिजे.

कॅथलिक फादर हा साधारण आठ-दहा वर्षं सेमिनरीत शिकून, बिशपानं डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिल्यावर फादर होतो. आपल्याकडचे बहुतेक कॅथलिक फादर अविवाहित असतात. त्यांची बदली होते. आमचा जिल्हा नाशिक धर्मप्रांतात येतो, त्यामुळे तक्रार असेल तर बिशप नाशिकला. तो जेझुइटांसारख्या संघातला असेल तर त्याच्या वर प्रांताचा प्रमुख असतो. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गर्दीत उभे असलेले फादर तुम्ही बघता, त्या प्रत्येकाच्या मागे अशी एक साखळी आहे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झालेलं चर्च. तिथले पाळक लग्न करतात, तिथं स्त्रियाही पाळक होतात. त्यांच्यावरही बिशप आहे, आणि खाली मंडळीची कमिटी आहे. त्या पाळकाला 'फादर' लिहिणं म्हणजे प्राथमिक शाळेच्या गुरुजीला प्राचार्य लिहिण्यासारखं आहे, आणि बाई पाळक असली तर विचारूच नका. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली पुष्पाललिता या बिशप झाल्या. त्यांना आपल्या बातमीदारानं काय लिहिलं असतं?

नगरमध्ये मुक्तिफौजही आहे, जिचं बूथ हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यात तर धर्मोपदेशकाला 'कॅप्टन', 'मेजर' म्हणतात. त्यांना फादर म्हटलं तर ते हसतील, आणि लष्करातले समजलात तर तुम्ही हसं करून घ्याल.

आणि चौथा प्रकार, जो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढला. स्वतंत्र प्रार्थनागृहं. पत्र्याचं शेड, साउंड सिस्टिम, बाहेर फ्लेक्स, फ्लेक्सवर जोडप्याचा फोटो, खाली 'पास्टर' किंवा 'बिशप' किंवा एकदम 'अपोस्टल'. यातले कितीतरी लोक मनापासून काम करतात. दारू सुटलेली माणसं मी पाहिलीत, मोडलेले संसार जोडलेले पाहिलेत, त्याला नाकारायचं कारण नाही. पण यांपैकी काहींच्या बाबतीत 'तुम्हाला पास्टर कोणी केलं?' याचं उत्तर 'देवानं' एवढंच असतं. देवानं केलं असेल, मी नाही म्हणणारा कोण. पण देवानं दिलेली पदवी काढून घ्यायची वेळ आली तर अर्ज कोणाकडे करायचा?

त्या बाईची गोष्ट

आमच्या तालुक्यातली एक बाई. नाव, गाव सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न एका हॉलमध्ये झालं. एका स्वतंत्र प्रार्थनागृहाच्या पास्टरनं लावलं. पाचशे माणसं जेवली. अल्बम आहे, व्हिडिओ आहे, आणि रंगीत छापलेला, शिक्का मारलेला विवाहाचा दाखलाही आहे. नवरा कंपनीत होता. मोटारसायकलच्या अपघातात गेला. फंडाच्या पैशासाठी कागद लागले तेव्हा सासरच्यांनी हात वर केले. दाखला पुढे केला तर कार्यालयातल्या माणसानं विचारलं, यावर लायसन्स नंबर कुठाय?

लायसन्स? ती म्हणाली, ते पास्टर आहेत ना!

मंडळी, इथे कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा आहे, आणि अजून लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमात ख्रिस्ती लग्न कोण लावू शकतो याची यादी आहे. बिशपाकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरू आपल्या चर्चच्या नियमानं लावू शकतो. चर्च ऑफ स्कॉटलंडचा धर्मगुरू लावू शकतो. बाकीच्या धर्मोपदेशकांना राज्य सरकारचा परवाना लागतो. नाहीतर सरकारनं नेमलेला विवाह निबंधक, किंवा भारतीय ख्रिस्तींच्या लग्नाचे दाखले देण्याचा परवाना मिळालेली व्यक्ती. संपली यादी. 'पास्टर' असा शब्द फ्लेक्सवर छापलाय, एवढ्यानं त्या यादीत कोणी बसत नाही. आणि अधिकार नसताना लग्न लावलं तर ६८ व्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे बघा, डोक्यावर बिशपाचा हात पडला होता की नाही, हा आपल्याला वाटतो धर्माचा प्रश्न. कायद्याच्या पुस्तकात तो विधवेच्या पैशाचा प्रश्न होऊन बसलाय.

लग्न झालंच नाही असं कोणी अजून म्हटलेलं नाही. वकील लढताहेत, साक्षीदार आहेत, होईल काहीतरी. पण जे सिद्ध करायची वेळच यायला नको होती, ते सिद्ध करायचं ओझं आज तिच्या डोक्यावर आहे. पदरात पोर आहे. आणि ते पास्टर? दुसऱ्या जिल्ह्यात गेलेत. त्यांची बदली कोणी केली नाही, कारण बदली करणारं वर कोणी नव्हतंच.

लष्कराला कळतं ते आपल्याला का कळू नये?

भारतीय लष्करात जवानांसाठी धर्मगुरू भरती करतात. जाहिरातीत पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्या जोडीला 'पाद्री' असा शब्द असतो. आपण ज्या शब्दाला नाक मुरडतो तो लष्करात सन्मानाचा हुद्दा आहे. पण त्यापुढची अट वाचा. उमेदवाराला योग्य त्या चर्च अधिकाऱ्यानं दीक्षा दिलेली असावी, आणि स्थानिक बिशपाच्या मान्य यादीत त्याचं नाव अजूनही असावं. 'अजूनही' हा शब्द महत्त्वाचा. नुसती एकदा दीक्षा मिळून भागत नाही, आज ती टिकून आहे का तेही विचारतात.

आपण दुकानातून खताची गोणी घेताना कंपनीचं नाव बघतो. डॉक्टरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक बघायला आता शिकलोय. धर्माच्या दारात मात्र आपण चपलेबरोबर प्रश्नही बाहेर काढून ठेवतो. हे एकट्या ख्रिस्ती लोकांचं नाही. ह.भ.प., प.पू., महाराज, मौलाना, भंते, सगळीकडे तेच. पदवी ऐकली की मान खाली. आणि मान खाली घालणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान कोण करतं? ज्याच्या वर कोणी नाही तो.

ज्याच्या वर कोणी आहे तिथं सगळं आलबेल असतं असंही नाही. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या कॅथलिकांना पत्र लिहून लहान मुलांवरच्या अत्याचारांबद्दल खेद व्यक्त केला, आणि धर्मगुरूंना डोक्यावर बसवण्याची वृत्ती याच्या मुळाशी आहे असं बजावलं. म्हणजे 'बाप' म्हणवून घेणाऱ्यांच्या सर्वोच्च 'पप्पा'नंच सांगितलं की बाप म्हणता म्हणून आंधळे होऊ नका. फरक एवढाच, की तिथं पत्र लिहायला, तक्रार करायला, भांडायला एक पत्ता आहे. पत्ता असणं म्हणजे न्याय मिळणं नव्हे. पण पत्ताच नसला तर सुरुवातही होत नाही.

आणि दुसरी बाजू

सरसकट एकच शब्द वापरल्याचं दुसरं नुकसान उलट्या बाजूला होतं. कुठंतरी एखाद्या स्वयंघोषित माणसानं काही उद्योग केला, बातमी आली 'पाद्र्याला अटक', की ती आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. दुसऱ्या दिवशी ज्या फादरच्या शाळेत आपली दोन पिढ्यांची पोरं शिकली, त्याच्याकडे लोक वाकड्या नजरेनं बघतात. ज्या पाळकबाई कोरोनात घरोघर डबे देत फिरत होत्या, त्यांना रस्त्यात अडवून विचारतात, तुम्ही पण त्यातल्याच का? कशातल्या? विचारणाऱ्यालाही माहीत नसतं. कोणाचा कोणाशी संबंध नाही, चर्च वेगळं, शिस्त वेगळी, पण शब्द एक, म्हणून पाप एक.

आपण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना विसरलो का? वसईचा माणूस. 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, 'सुबोध बायबल' लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा काही लोकांनी ओरड केली की धर्मगुरू अध्यक्ष कसा? त्यांचं मराठी वाचलं नव्हतं, पुस्तकं पाहिली नव्हती. नावाआधीचे तीन अक्षरांचे 'फादर' तेवढे वाचले होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. मराठीचा एक सच्चा लेखक गेला, आणि आपण त्याच्या पदवीशी भांडत राहिलो होतो.

म्हणजे एका बाजूला पदवी बघून डोळे झाकणारे, दुसऱ्या बाजूला पदवी बघून दगड उचलणारे. दोघांनीही तिच्यामागच्या माणसाची चौकशी केलेली नसते.

मग करायचं काय?

माझं म्हणणं चार ओळींत सांगतो.

एक, बातमीदार मित्रांनो, पुढच्या वेळी अशी बातमी आली की तीन प्रश्न विचारा. कुठल्या चर्चचा? दीक्षा कोणी दिली? सध्या कोणाच्या हाताखाली? उत्तर मिळालं तर तसं लिहा. नाही मिळालं तर 'स्वतःला पास्टर म्हणवणारा' असं लिहा. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये आहे म्हणून 'फादर' छापू नका. प्रेसनोट लिहिणाऱ्या हवालदाराला हे कोणी शिकवलेलं नसतं, आपल्याला शिकवलंय.

दोन, ख्रिस्ती कुटुंबांनो, मुलीचं लग्न ठरलं की हॉल आणि केटरर बघण्याआधी लग्न लावणाऱ्याचा अधिकार बघा. बिशपाकडून दीक्षा झालेली आहे का, नसेल तर परवाना आहे का. कागद दाखवा म्हणायला लाजू नका. खरा पाळक कागद दाखवताना रागावत नाही. जो रागावतो, तिथं लग्न लावू नका.

तीन, मंडळ्यांच्या प्रमुखांना हात जोडून विनंती. आपल्या चर्चच्या दारावर एक साधा बोर्ड लावा. धर्मगुरूचं नाव, दीक्षा कुठं झाली, विवाहाचा परवाना असेल तर त्याचा क्रमांक, आणि तक्रार करायची तर वरचा पत्ता. पाच-सातशे रुपयांचा बोर्ड. त्यानं खोट्या माणसाची अडचण होईल आणि खऱ्याची संशयातून सुटका.

चार, बाकी आपण सगळे. 'पाद्री' हा शब्द शिवीसारखा वापरणं बंद करू. त्याचा अर्थ बाप आहे. आपल्या ताटातला पाव आणि आपल्या घराची चावी ज्या भाषेतून आली, त्याच भाषेतून तो आलाय.

बाप, वडील, सेवक, पाळक, राखणदार. या सगळ्या पदव्यांचे अर्थ पुन्हा एकदा वाचा. त्यात एकही शब्द मालकाचा नाही. सगळे शब्द जबाबदारीचे आहेत. ज्यांनी हे शब्द दोन हजार वर्षांपूर्वी निवडले, त्यांना बहुतेक कळत होतं की अधिकार हातात आला की माणूस बिघडतो, म्हणून नावातच आठवण ठेवावी. ती आठवण करून द्यायचं काम आता आपलं, चर्चच्या आतल्यांचंही आणि बाहेरच्यांचंही.

तुमच्या गावात ख्रिस्ती धर्मगुरूला काय म्हणतात? वसई, गोवा, कोकण, जालना, नागपूर, प्रत्येक ठिकाणी वेगळं ऐकायला मिळतं. कमेंटमध्ये लिहा. आणि विवाहाच्या परवान्याची अडचण आलेलं कोणी ओळखीचं असेल तर नाव जाहीर न करता मला इनबॉक्समध्ये कळवा. अशा चार-पाच जणी एकत्र आल्या तर जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन जाता येईल. एकटीचा अर्ज टेबलाखाली जातो, पाच जणींचा टेबलावर राहतो. एवढं तरी या धंद्यात शिकलोय.